छातीवरचा ठेंगा

अंगठा गेला पुतण्याचा, मशीनच्या करवतीवर, आणि खापर फुटलं त्याच्याच माथ्यावर. "लक्ष कुठं असतं याचं!" असं काका येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. काम भराभर उरकावं म्हणून पात्यावरची हात वाचवणारी जाळी त्यानंच काढून माळ्यावर टाकली होती, ते मात्र गिळून टाकायचा.

पुतण्या लाकडाच्या तुकड्यांच्या ढिगाशी गेला. शिसवाचा तुकडा घेतला आणि उरलेल्या बोटांनी अंगठा कोरला. नखासकट, पेरावरच्या सुरकुत्यांसकट. मागं पिन डकवली आणि ब्रोच करून छातीवर लावला. सरळ उभा. गिऱ्हाइकाची नजर आधी तिथंच.

"हे काय रे?"

"माझा अंगठा. काकांनी जाळी काढली ना, तेव्हाचा."

आज एक बाई हे ऐकून कपाटाचं न बोलताच निघून गेली. काकाचं टाळकं सरकलं.

"काढ ते!"

"आधी जाळी लावा."

"माझंच खाऊन मलाच ठेंगा दाखवतोस?"

"मी कुठं दाखवतोय? तुम्हीच काढून दिलात, मी नुसता लावलाय."

कोपऱ्यात पॉलिश मारणारी आत्या, काकाची धाकटी बहीण, फिसकन हसली. झालं! काकानं झडप घातली. शर्ट टर्रकन फाटला, पिन त्याच्या तळहातात घुसली. शिवी हासडत त्यानं ब्रोच चालू पात्यावर भिरकावला. ठिकऱ्या उडाल्या, एक पुतण्याच्या भुवईत रुतली.

डोळ्यात रक्त उतरलं, खरंखुरं. त्यानं काकाची मान दाबली, मनगट धरलं आणि हात पात्याकडं रेटला.

"सोड रे! सख्खा काका आहे मी तुझा!"

"जाळी कुणी काढली?"

"तुझंच लक्ष..."

आणखी रेटला. नखाचं टोक उडालं.

"मी! मीच काढली! आई गं!"

आत्यानं धावत जाऊन बटण बंद केलं. पुतण्याची पकड ढिली झाली, तसा काकानं हातोडा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात भुशात पडले.

आत्यानं हातोडा हिसकावून घेतला. माळ्यावरची जाळी उतरवली आणि स्क्रू आवळायला बसली.

"दादा, पुन्हा ही काढलीस ना, तर तुझा अंगठा मी कोरीन."

काका बोट चोखत बसला.

पुतण्यानं रक्त थुंकलं. भुशातून दात वेचले, तळहातावर फिरवून नीट निरखले आणि तुकड्यांच्या ढिगात पांढरं लाकूड शोधायला लागला.