किनाऱ्यावरचा नमुना

"सूर्य मावळायच्या आत ही खाडी दुधासारखी होईल!" अशी गर्जना करून बाबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि लगेच वर आले. पायांना खाज सुटली होती.

"खाडीचं राहू द्या," पोटऱ्या खाजवत ते म्हणाले, "बरणी आणा."

तारापूरकडचा तो अख्खा कोळीवाडा किनाऱ्यावर लोटला होता. औद्योगिक वसाहतीत रंगाचे कारखाने आल्यापासून खाडी कधी लाल वाहायची, कधी जांभळी. जमना कोळणीच्या मासळीला घासलेटचा वास येतो म्हणून बोईसरच्या बाजारात गिऱ्हाईक नाक धरून पुढे सरकायचं. गडी कारखान्याचा पाइप फोडायला निघाले, तेव्हा नरहरी गुरुजी आडवे आले होते. "कायदा आहे ना? आपण अर्ज करू." अर्जावर अर्ज गेले. आज अखेर प्रदूषण मंडळाचे साहेब पाहणीला आले. तेही कारखानदारांच्या मर्जीतले पुढारी एकनाथशेठ यांच्या जीपमधून, मनोरच्या या बाबांच्या मांडीला मांडी लावून.

बरणीत खाडीचं लालभडक पाणी भरलं. कापराचा धूर झाला. "आई, मळ धू, पाप धू, तक्रार धू!" म्हणत बाबांनी मूठभर विभूती सोडली, ढवळली. पाणी फिकटत फिकटत नितळ झालं. नारळ फुटले.

गुरुजी मात्र बाबांच्या भगव्या छाटीकडे बघत होते. बाबांनी ओले हात पुसले होते तिथे पांढरे डाग उमटत होते.

"बाबा, आईनं तुमची छाटीही धुतली की!"

गुरुजींनी विभूतीची पुडी उचलली, काचेच्या पेल्यात लाल पाणी घेतलं, चिमूट टाकली. तेही नितळ. "माझ्या अंगात सिद्धी नाही, हवं तर बायकोला विचारा. ही विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर! रंग उडतो, विष राहतं. आणि कापूर कशाला, तर हिचा वास झाकायला."

हशा पिकला. बाबा जीपमध्ये शिरले. गुरुजी अभिमानाने साहेबांकडे वळले. साहेब बरणीतलं नितळ पाणी बाटलीत भरत होते.

"अहो, नमुना खाडीतून घ्या!"

"नियमात 'किनाऱ्यावरून' असं आहे, गुरुजी. बरणी किनाऱ्यावरच आहे." साहेबांनी बूच लावलं. एकनाथशेठांनी त्यांच्या हाती शहाळं दिलं. जीप गेली.

"पावडर हाय ते आमाला वासावरनंच कळलं व्हतं, गुरुजी," जमना म्हणाली.

"मग नारळ कशाला फोडलेत?"

"तुमच्या अर्जाला कोण आला? बाबा आला तवा सायेब आला. म्हटलं, बाबाच्या पायगुणानं तरी खाडी बघंल."

सवयीने गुरुजी म्हणाले, "बायांनो, बाबा असो की साहेब, पारखल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवू नका. विचारा. पुरावा मागा."

"मागू," जमना म्हणाली. "आधी ती उरलेली पुडी द्या. टोपलीचा वास जातो का बघते."