डावीकडची चौथी जागा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. लाज वाटते, दुसरं काय.

विश्वचषकाच्या यादीत मधल्या बचावपटूंच्या चार जागा होत्या. तिघांबद्दल वाद नव्हता. चौथ्या, डावीकडच्या जागेवर सिरिलो ओसुना की इदालिनो फ्रेतेस, एवढंच ठरायचं होतं. आम्हा पराग्वेच्या लोकांना गोल झाला नाही तरी चालतं, पण बचाव ढिला पडलेला खपत नाही. त्या जागेवर मी देशासाठी अकरा वर्षं खेळलेलो. म्हणून मुख्य प्रशिक्षक प्लुतार्कोंनी गार तेरेरेचा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "एलादियो, तू म्हणशील तो. मी डोळे मिटून लिहितो."

सिरिलोला मी सहा सामन्यांत पाहिलं होतं. दोघांत सरस कोण, हे आंधळ्यानंही सांगितलं असतं. पण इदालिनो माझा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याला मीच त्याला हातांवर धरलेलं. अजूनही मी दिसलो की हात जोडतो, "पाद्रिनो, आशीर्वाद," म्हणजे धर्मपिता, आणि मी हवेत क्रूस काढतो. आदल्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला होता. "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे," एवढंच म्हणाली.

"सिरिलो वळायला जड आहे," मी म्हणालो. जिभेला हाड नसतं हेच खरं.

प्लुतार्कोंनी इदालिनोचं नाव लिहिलं. "पाच वाजता जाहीर करू. त्या दोघांना तूच कळव."

मी सकाळीच फोनवर कळवलं, सिरिलोला वळण्याचं कारणही सांगितलं. तीन वाजता सिरिलो माझ्या दारात, हातात आईनं भाजलेल्या चिपांची, चीजच्या छोट्या पावांची, पिशवी. भांडायला आला असता तर बरं झालं असतं.

"सर, सकाळपासून माझे जुने सामने बघतोय. वळण्यात कुठं चुकतं, मला दिसतच नाही हो."

"उजव्या खांद्यावरून वळताना," मी म्हणालो. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतोच.

"बघा. आजवर कुणी बोललंच नाही. सगळे नुसते, वा सिरिलो, वा सिरिलो. तुम्हीच तेवढे खरं बोललात."

टेबलावर फोन होता. घड्याळात सव्वातीन. प्लुतार्कोंशी चार शब्द बोललो असतो तर सगळं निस्तरलं असतं. मी चिपा मोडून खाल्ली. चीज भरपूर होतं, चांगली झाली होती.

"सोमवारपासून शिकवाल का मला? तुम्ही म्हणाल तेव्हा येतो."

"ये."

निघताना तो उंबऱ्यात थांबला आणि त्यानं हात जोडले. "माझे पाद्रिनो वारले, सर. तुम्ही द्याल आशीर्वाद?"

निदान हात तरी वर जाणार नाही, एवढी लाज आपल्यात शिल्लक असेल, असं मला वाटलं होतं. हात गेला. सवयीनं बिनचूक क्रूस काढला. तो संपेपर्यंत सिरिलो मान खाली घालून उभा होता.