जांभळा ब्लाउजपीस

वैभव परब वेबसाइट बनवायचा आणि बनवताबनवता स्वतःवरच खूश व्हायचा. भोईवाड्यातल्या चाळीत, खिडकीशी टेबल लावून, त्याने दातांचे दवाखाने, क्लासवाले, घरगुती मोदक विकणाऱ्या बायका अशा सगळ्यांना इंटरनेटवर चढवलं होतं. त्याची रीत ठरलेली होती. दाराचा मोठा फोटो, पाटी ठळक, नकाशावर पिन, खाली चार गिऱ्हाइकांची स्तुती आणि मग परळ-लालबागच्या झाडून सगळ्या ग्रुपांवर लिंक. गिऱ्हाईक दाराशी येऊन चुकता कामा नये, एवढंच त्याला कळायचं. आणि मोदकांसाठी तेवढं पुरेसंही होतं.

नेरिसा मॅडमचं काम त्याला आईमुळे मिळालं. आई म्हणजे लक्ष्मी. ती दर गुरुवारी परळगावात व्हायोला आंटीकडे ब्लाउज टाकायला जायची. एकदा परत आल्यावर म्हणाली, "माझ्या टेलरीणबाईंच्या मागच्या खोलीत एक मॅडम बसतत. मनाचे डॉक्टर असतात ना, तसल्या. फार चांगल्या आसत रे. त्यांका वेबसाइट करून होयी. तू जाऊन बघ."

नेरिसा ही व्हायोला आंटीची भाची. मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून तिने मावशीच्या दुकानामागे स्वतःची कौन्सेलिंगची खोली थाटली होती. आतापर्यंत एकाने दुसऱ्याला कानात सांगावं आणि दुसऱ्याने यावं, असंच चाललेलं. पण ज्यांच्या कानात सांगणारं कोणी नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी तिला वेबसाइट हवी होती.

"दोन गोष्टी," ती पहिल्याच भेटीत म्हणाली. "इथे येणाऱ्या कोणाचंही नाव नको, फोटो नको. आणि स्तुती तर अजिबात नको. कोणी स्वतःहून लिहून दिली तरी नको."

"स्तुतीशिवाय साइट म्हणजे मिठाशिवाय आमटी, मॅडम."

"मग अळणी करा," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

वैभवने ऐकलं. मजकूर साधा ठेवला, मॅडमकडून तपासूनही घेतला. पण हात स्वस्थ बसतील तर तो वैभव कसला! फोटोत माणसं यायला नकोत म्हणून तो रविवारी, दुकान बंद असताना, आंटीकडून किल्ली घेऊन गेला. लाल पाटीचा फोटो काढला, बाकड्याचा काढला, शिलाई मशीनच्या मागच्या फुलाफुलांच्या पडद्याचा तर तीन बाजूंनी काढला. खाली लिहिलं, 'व्हायोला लेडीज टेलर्सच्या आत या, पडदा सारा, नेरिसा मॅडम तिथेच आहेत.' नकाशावर पिन टोचली. हे सगळं त्याने मॅडमना न विचारता, खास भेट म्हणून केलं, आणि सोमवारी सकाळी लिंक चाळीच्या ग्रुपवर टाकली, क्रिकेट टीमच्या ग्रुपवर टाकली, गणपती मंडळाच्या ग्रुपवर टाकली. मंडळाचा ग्रुप चारशे माणसांचा. दुपारपर्यंत दीडशे अंगठे आले. गडी दिवसभर हवेत होता.

गुरुवारी आंटीचा फोन आला. "वैभव, तू जरा इकडे ये रे बाबा. आत्ताच ये."

तो पोचला तेव्हा बाकडं रिकामं होतं. आंटी गळ्यात टेप अडकवून नुसती बसली होती. मॅडम पडद्याशी उभ्या होत्या.

"सोमवारपासून कोण म्हणजे कोण नाय आला," आंटी म्हणाली. "अरे, माझ्याकडे लोक पिशवी घेऊन येतात, ठाऊक हाय तुला? पिशवीत ब्लाउजपीस. रस्त्यावर कोणी विचारला तर काय, शिवण टाकायला चालली. पुरुषमाणूस असला तर बायकोचा ब्लाउज न्यायला आला. मी मोठ्याने बोलते, फिटिंग बघायचा हाय, आत जा. मग ती लोक आत जाते. एक-एक जण तर वर्षभर तोच पीस आणते! मी त्याला कात्री नाय लावत. कशाला लावू? आणि तू काय केला? पडद्याचा फोटो टाकला, मंडळाच्या ग्रुपवर!"

"मावशी," मॅडम हळूच म्हणाल्या, "आपणच त्याला सांगायला हवं होतं." मग वैभवकडे वळून म्हणाल्या, "लोकांना इथे यायची लाज वाटते, हे मला बदलायचंय. पण ते बदलेपर्यंत त्यांना आडोसा हवा."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वैभवला वाटलं. तिथेच उभ्याउभ्या त्याने फोनवरून फोटो काढून टाकले, पिन उपटली, ग्रुपांवरचे मेसेज पुसले. पण लोकांनी पाहिलेलं कसं पुसणार? मान खाली घालून तो घरी आला.

दाराजवळच्या खुंटीला आईची कापडी पिशवी लटकत होती. आज गुरुवार. आई घरात होती. भाजी आणायला म्हणून ती निघाली, जिन्यापर्यंत गेली, परत आली, गॅसचं बटण हाताने चाचपलं. पुन्हा गेली. पुन्हा आली. तिसऱ्या वेळी ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ऱ्हवांदे. उद्या आणतंय."

वैभवने हे आधी पाहिलं होतं. बाबा गेले त्या वर्षी हे असंच होतं. गॅस, कडी, नळ, पुन्हा गॅस. तेव्हा आई चाळीचा जिना उतरायचीच नाही. मग हळूहळू ती सुधारली, घावणे करू लागली, शेजारणींशी भांडूही लागली. ही सगळी बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनांची कमाल, असं वैभव वर्षभर जगाला सांगत सुटला होता. दोघातिघांना त्याने ती इंजेक्शनं घ्यायलाही लावली होती.

आई न्हाणीत गेल्यावर त्याने पिशवी उघडली. आत जांभळा ब्लाउजपीस होता. घडीवर घडी बसून त्याच्या कडा पांढरट झाल्या होत्या. कात्री लागलेली नव्हती. वर्षभर दर गुरुवारी ब्लाउज टाकणाऱ्या आपल्या आईने वर्षभरात एकही नवा ब्लाउज घातलेला नाही, हे ह्या दिवट्याच्या आत्ता ध्यानात आलं.

तो खाली बसला आणि रडला. चुकीबद्दल थोडा, पण जास्त दुसऱ्याच गोष्टीसाठी. आपली आई त्या पडद्यामागे कोणीतरी आठवड्यामागून आठवडे, धीराने, आपल्याला परत मिळवून दिली होती. त्याच बाईने त्याच्या समोर बसून 'अळणी करा' म्हटलं, आणि चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. त्याने मागितलेल्या चार स्तुतींपैकी पहिली त्याच्याच घरातून आली असती.

दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला. मॅडमच्या साइटवर आता एक फोन नंबर राहिला आणि एक ओळ: 'आधी फोन करा. कुठे यायचं, कसं यायचं, ते आपण दोघं मिळून ठरवू.' ही ओळ त्याने मॅडमना दोनदा वाचून दाखवली, मगच चढवली. पण खरी मेहनत त्याने भलतीकडेच घेतली. त्याने व्हायोला आंटीची वेबसाइट बनवली. इथे मात्र मीठमसाला हात सैल सोडून घातला. पाटी, पिन, स्तुती, सगळं. 'ब्लाउज, फॉल-पिको, पॅन्ट आखूड करून मिळेल, चेन बदलून मिळेल, पुरुषांचे कपडेही घेतो.' लिंक चारशेच्या चारशे जणांना.

आठवड्याभरात बाकडं पुरेना. पिशव्याच पिशव्या. कोर्टातले कारकून पॅन्ट घेऊन, कॉलेजच्या पोरी कुर्ते घेऊन. त्या गर्दीत कोण कपड्यासाठी आलंय आणि कोण पडद्यासाठी, हे आंटीशिवाय कोणालाच कळेना. "मेल्या, आता मला खरोखर शिवायला लागते!" आंटी कुरकुरली, आणि तिने बाकड्याशेजारी आणखी दोन स्टुलं मांडली.

बुधवारी वैभव मॅडमना भेटला. बोलायचं पुष्कळ ठरवून गेला होता.

"मॅडम, थँक्यू."

"कशाबद्दल?"

तो थांबला. "काम दिल्याबद्दल."

मॅडमनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "मावशीचं दुकान छान चाललंय," त्या म्हणाल्या. "त्याबद्दल मीही आभारी आहे. फार."

गुरुवारी चार वाजता आई खुर्चीत बसून होती. वैभवने खुंटीवरची पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"आई, हा ब्लाउज टाकायचा राहिलाय ना? आंटीकडे हल्ली गर्दी असते म्हणे. अख्खा भोईवाडा तिथेच. लवकर जा."

आईने पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ती उठली, केसांवरून हात फिरवला, चपला घातल्या. दारातून तिची नजर गॅसकडे वळली. वैभव ओट्याला पाठ लावून उभा होता.

"मी हंयच आसंय," तो म्हणाला. "गॅस मी बघतंय. तू जा."

तिने पिशवी छातीशी धरली.

"शिवूक वेळ लागतलो रे झिला."

"लागूं दे."