एकच एस

इस्पितळाच्या धुलाईघरात त्यांना सगळ्या वहिनीच म्हणत. बावीस वर्षं चादरी धुतल्यावर त्या मुकादम झाल्या आणि दुरुस्तीची वही त्यांच्या हाती आली. वही इंग्रजीत लिहायची होती, कारण मेकॅनिक बाहेरगावचा होता आणि त्याला आपली भाषा कळत नसे.

एका सोमवारी दोन मशीन घरघरू लागली. वहिनींनी लिहिलं, 'मशीन मेक नॉइज.' मेकॅनिक एकच पट्टा घेऊन आला, एक मशीन नीट करून गेला. दुपारी दुसरं बंद पडलं आणि ऑपरेशनच्या चादरी उशिरा पोचल्या. साहेब ओरडले नाहीत. "बाई, एक की दोन, एवढं तरी कळू द्या," इतकंच म्हणाले. वहिनींना ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी नणंद होती. चाळीस वर्षं तिने कचेरीत इंग्रजी पत्रं टाइप केली होती. पण तिच्या भावाच्या, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याच्या, आजारपणात कोणी काय करायला हवं होतं, यावरून दोघींचं एकदा वाजलं होतं. तो गेल्यावर दोघी एकाच घरात राहिल्या, बोलणं मात्र जेवढ्यास तेवढं. 'भाजी झाकलीय.' 'दार लावा.' बस.

त्या संध्याकाळी नणंद मटार सोलत होती. वहिनी वही घेऊन समोर बसल्या.

"वन्सं, मला हे शिकवाल?"

नणंदेने चष्मा चढवून वाचलं. "पहिलं अक्षर मोठं हवं. वाक्य सुरू झालं हे कळायला नको? आणि 'आय', म्हणजे मी, तो कुठेही आला तरी मोठाच."

"मी नेहमी मोठा? आणि तू?"

"तू लहानच."

"बरंय, सासरची भाषा दिसतेय!"

नणंद हसली. हसल्यावर तिलाच नवल वाटलं.

"आता हे बघा. एक मशीन असेल तर 'मशीन मेक्स'. दोन असतील तर 'मशीन्स मेक'."

"अनेकांचा एस इकडे, एकाचा तिकडे? हे काय भलतंच!"

"भलतंच आहे खरं."

वहिनींनी चार दाणे तोंडात टाकले. "म्हणजे घरात शाल एकच. थोरलीने पांघरली की धाकटी उघडी."

"चाळीस वर्षांत मला हे असं सुचलं नाही हो, वहिनी."

मग रोज मटार, नाहीतर कांदे, आणि दहा वाक्यं. चुकलं की नणंद पेन्सिलीने गोल करी. एकदा ती मध्येच थांबली. "दादाच्या वेळी तुम्ही एकट्या जागलात. मी नुसती बोलत राहिले." वहिनींनी तिच्या हातावर हात ठेवला. "पुढचं वाक्य सांगा मला," त्या म्हणाल्या.

महिन्याभराने वहीत ओळी आल्या: 'वन मशीन लीक्स. टू मशीन्स मेक नॉइज.' मेकॅनिक एक नळी आणि दोन पट्टे घेऊन आला, तासाभरात तिन्ही चालू झाली. जाताना त्याने त्या ओळींवर बोट ठेवून मान डोलावली.

हे पाहून घड्या घालणाऱ्या बायकांनी वहिनींना घेरलं. आता शनिवारी दुपारी नणंद धुलाईघरात येते. गरम चादरींच्या ढिगाशेजारी पाचजणी पाट्या घेऊन बसतात, आणि उशीर झाला तर वहिनीच तिला रागावतात.