गवतातल्या पिल्लाचे वजन

मी एक जुना तबकडीचा वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने फार काळजीखोर आहे. माझे तोंड गोल, त्यावर आकडे आणि मधोमध एक सुई. त्यामुळे पुष्कळ जणांनी मला घड्याळ समजून माझ्याकडे वेळ पाहिली आहे आणि मग ओशाळून इकडेतिकडे बघितले आहे. माझ्या डोक्यावर पत्र्याचे उथळ पारडे आहे. त्यावर काही ठेवले की पोटातली स्प्रिंग दबते आणि सुई हलते. एवढेच माझे काम. पण एवढ्याशा कामात किती धाकधूक असते, ते मी आज सांगणार आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मला जुळवणारा कारागीर मोठा काटेकोर होता. पाच-पाच ग्रॅमची वजने ठेवून तो माझी परीक्षा घेई आणि सुई केसभर चुकली तरी मला पुन्हा उघडून बसे. पुढची वीस वर्षे मी टपाल कचेरीत काढली. जाड पाकिटे, सुतळीने बांधलेली पुडकी, कुणी लेकीच्या बाळासाठी पाठवलेले लोकरीचे मोजे, सगळे माझ्या डोक्यावरून पुढे गेले. कुणी हुज्जत घातली की पोस्टमास्तर म्हणत, "काटा सांगतोय ते खरं." ते ऐकून माझी छाती फुगे आणि लगेच धास्तीही वाटे. मी चुकलो तर?

मग विजेवर चालणारे, आकडे चमकवणारे यंत्र आले आणि माझी रवानगी कपाटाच्या डोक्यावर झाली. तिथे सात वर्षे मी धूळ खात पडलो होतो. एका पालीने माझ्या आडोशाला संसार थाटला, तिची लेकरेबाळे झाली, पण माझी आठवण कुणाला झाली नाही.

एके दिवशी एक डॉक्टरबाई पार्सल टाकायला आल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. गावाच्या कडेला त्या जखमी आणि पोरक्या रानजिवांची शुश्रूषा करत. दोन खोल्या, पिंजऱ्यांची एक ओळ आणि सतत गळणारा नळ, एवढाच त्यांचा कारभार. "आमचं यंत्र प्रत्येक वेळी किंचाळतं," त्या पोस्टमास्तरांना म्हणाल्या. "जनावर घाबरून उडी मारतं. मला गप्प राहणारा काटा पाहिजे." असा मी त्यांच्याकडे आलो.

तिथे माझी झोपच उडाली. टपालातले पुडके आदल्या दिवसापेक्षा हलके होत नाही. पिल्लू मात्र होते! पंख मोडलेले घुबड, लिंबाएवढी खारीची पिल्ले, रोज सकाळी एकेक जण माझ्यावर येई. सुई पुढे गेली की डॉक्टरबाईंचा जीव भांड्यात पडे. मागे राहिली की त्या वहीत आकडा लिहीत आणि त्याखाली दोनदा रेघ ओढत. औषध किती द्यायचे, दूध किती पाजायचे, सगळे माझ्या शब्दावर चाले. अशी अनेक वर्षे गेली.

आणि मग ती सकाळ आली. समोरच्या शाळेचे माळीदादा डोक्यावरची टोपी दोन्ही हातांत धरून, वाडग्यासारखी सांभाळत आत आले. टोपीत मूठभर गवत होते आणि गवतात सशाचे पिल्लू. डोळे उघडे, कान पाठीला चिकटलेले.

"कुठं मिळालं?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"मैदानाच्या कडेला, उंच गवतात. कापायचं यंत्र फिरवत होतो." माळीदादा थांबले. "दोन होती, बाई. एक मला दिसलंच नाही."

माळीदादांनी बाहीने नाक पुसले. "हे तरी जगू दे. आई नाही हो याची. एकटंच पडलं होतं."

"आई असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रानातली सशाची मादी दिवसभर पिल्लाजवळ फिरकत नाही. शत्रूला पत्ता लागू नये म्हणून. अंधार पडला की येते, पाजते आणि निघून जाते. आपण उचललं तरच ते पोरकं होतं. आपल्या हातात ही पिल्लं फारशी जगत नाहीत, दादा."

त्यांनी पिल्लू माझ्यावर ठेवले. एकशे तीस ग्रॅम.

"संध्याकाळी होतं तिथंच ठेवा. उद्या सकाळी इथं आणा. वजन वाढलं तर समजायचं, आई येऊन गेली. आणि तोंडाला काही म्हणजे काही लावायचं नाही."

"नाही लावत," माळीदादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू पुन्हा माझ्यावर आले. माझी सुई थरथरली आणि एकशे चाळीसवर थांबली. "दहा ग्रॅम!" डॉक्टरबाई हसल्या. "आली होती बघा आई. आता न्या, ठेवा जागेवर आणि आठ दिवस तिकडे फिरकू नका."

पण पिल्लाच्या हनुवटीवर एक पांढरा ओघळ सुकलेला होता. तो माझ्या पारड्याला लागला आणि मला गाईच्या दुधाचा वास आला. हे वजन आईच्या दुधाचे नव्हते! मला ओरडून सांगायचे होते. पण मला तोंड आहे ते आकड्यांचे. त्यावर एकशे चाळीस खरेच होते आणि तरीही ते धडधडीत खोटे होते. माळीदादा टोपी घेऊन निघून गेले. मी दुपारपर्यंत तसाच, जीव टांगणीला लागल्यासारखा बसून राहिलो.

दुपारी माळीदादा परत आले. दारातच उभे राहिले.

"या की आत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बाई, मी त्याला दूध पाजलं."

"कधी?"

"सकाळी, आणायच्या आधी. पोट खपाटीला गेल्यासारखं वाटलं. चहाचं दूध होतं, कापसाच्या बोळ्यानं दिलं. तुम्ही हसलात ना, मग सांगायची हिंमतच झाली नाही." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "एक माझ्या हातून गेलंय. दुसरं उपाशी कसं ठेवू?"

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला वाटले. "म्हणजे आई आली की नाही, आपल्याला माहीतच नाही," त्या हळू म्हणाल्या. "आणि आपण आठ दिवस बघणार नव्हतो."

संध्याकाळी त्या मला काखेत घेऊन शाळेच्या मैदानावर गेल्या. अवजारांच्या खोलीत त्यांनी मला सपाट फरशीवर ठेवले. माळीदादांनी गवतातून पिल्लू आणून माझ्यावर ठेवले. त्याची शेपटी ओली, घाण झालेली होती. दूध बाधले होते. एकशे वीस ग्रॅम.

"तुमच्याकडे आत घ्यायचं का?" माळीदादांनी विचारले.

"आत घेतलं तर आईपासून तोडतो. बाहेर ठेवलं आणि ती आलीच नाही, तर सकाळपर्यंत..." डॉक्टरबाईंनी वाक्य सोडून दिले. पिल्लाची शेपटी फडक्याने पुसली. मग म्हणाल्या, "आजची एक संधी आईला देऊ."

पिल्लू गवतात परत ठेवून आणि मला तिथेच सोडून ते गेले. फावड्या-कुदळींच्या शेजारी मी रात्र कशी काढली, ते माझे मला ठाऊक. उजाडता उजाडता दोघे आले. माळीदादांच्या टोपीत पिल्लू होते, पण ते हलत आहे की नाही, मला दिसेना. पिल्लू माझ्यावर ठेवल्यावरही माळीदादांनी त्याच्याभोवतीचे हात काढले नाहीत आणि सुई भलतीकडेच गेली.

"हात काढा, दादा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज काही दिलंत का?"

"लेकरांची शपथ. पाणीसुद्धा नाही."

त्यांनी हात काढले. सुई एकशे वीसवर आली, तिथे अडखळली आणि पुढे सरकली. एकशे चाळीसवर थांबली. कालचाच आकडा, मित्रांनो. पण पिल्लाची हनुवटी कोरडी होती, पोट टरारून फुगले होते आणि माझ्या पारड्याला फक्त गवताचा वास येत होता.

माळीदादा मटकन खाली बसले आणि तोंड झाकून रडले. मग उठले, पिल्लू जागेवर ठेवून आले आणि मैदानाच्या त्या कोपऱ्याभोवती दोरी बांधली. तिथले गवत पुढे महिनाभर कुणी कापले नाही.

मी आता पुष्कळ जुना झालो आहे. स्प्रिंग सैलावली आहे आणि लवकरच मला पुन्हा कुठल्यातरी कपाटावर बसवतील. त्याआधी एक विनवणी करतो. गवतात एकटे पिल्लू दिसले, तर लगेच उचलू नका. लांब उभे राहा, जाणत्या माणसाला विचारा, त्याच्या आईला वेळ द्या. आणि मायेच्या भरात हातून चूक झालीच, तर माळीदादांसारखे त्याच दुपारी येऊन सांगा. मला वास आला होता, सगळे कळले होते, पण बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.