पाकिटातला जोकर

"अर्धी मिशी! हरेल त्यानं भर चौकात, दिवसाढवळ्या अर्धी मिशी उडवायची. बोल!" किल्लीवाला म्हणाला.

"लागली!" सलूनवाल्यानं हातावर हात मारला. त्याची मिशी म्हणजे दुकानाची पाटीच. टाळी देताना आरशात एकदा बघून घेतलं गड्यानं, पण मागे हटला नाही.

पैज शेजारच्या टेलरमामांवर. मामांना रक्ताचा आजार. मोठ्या इस्पितळात ठरलेल्या दिवशी इंजेक्शन घ्यायचे. त्यानं रक्त टिकायचं, पण जंतूंशी लढायची ताकद कमी व्हायची. म्हणून नर्सनं कार्ड दिलेलं: नुसती कणकण आली तरी दवाखाना गाठा, हे आधी दाखवा. मामांनी कार्डाला प्लॅस्टिकचं पाकीट शिवलं, वरून जाड कापड लावलं आणि फितीनं गळ्यात अडकवलं, मापाच्या टेपशेजारी.

"मामा, बैलाच्या गळ्यात घंटा, तुमच्या गळ्यात कार्ड," किल्लीवाला चिडवायचा.

"हास लेका! घंटा असते म्हणून हरवलेला बैल सापडतो."

इस्त्री करताना मामा पाकीट खुंटीला लावत. तेवढ्यात किल्लीवाल्यानं आतलं कार्ड काढलं आणि पत्त्यांतला जोकर सरकवला. "आठवडाभर कळायचं नाही मामांना. थापट्या मारतात, उघडून कधी बघत नाहीत."

"मामा? एक टाका चुकला तर लांबून ओळखतात. उद्याच पकडतील," सलूनवाला म्हणाला.

मामांनी काही पकडलं नाही. सलूनवाल्याची मिशी धोक्यात आली.

"मामा, कार्ड बघा की जरा. धूळ बसली असेल."

"रोज बघायला ती काय नवी नवरी आहे?" मामांनी पाकिटावर थाप मारली.

आठवडा सरत आला आणि एका दुपारी मामांना हुडहुडी भरली. बाही अर्धवट सोडून ते उठले. "चल गं," ते मामींना म्हणाले, "नियम म्हणजे नियम." जवळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांची जीभ जड झाली होती.

"इंजेक्शन कसलं घेतात?" डॉक्टरनं विचारलं.

"रक्ताच्या आजाराचं. नाव त्या पाकिटात आहे," मामी म्हणाल्या. "सगळं आहे त्यात."

डॉक्टरनं पाकीट उघडलं. टोकदार टोपीतला जोकर दात काढून हसत होता.

"थट्टा सुचतेय, बाई? बाहेर रांग बघा!" तापाची गोळी मिळाली आणि बाकावरची जागा.

मामींनी सलूनवाल्याला फोन लावला. "भाऊजी, यांच्या पाकिटात हे चित्र कसलं हो?"

गिऱ्हाइकाच्या गालावर फेस तसाच ठेवून तो धावला. किल्लीवाला कुणाचं तरी कपाट उघडायला गेलेला; टपरीला कुलूप. सलूनवाल्यानं विटेनं ते फोडलं. किल्ल्यांच्या ढिगाखाली कार्ड होतं.

ते वाचून डॉक्टरचा चेहरा उतरला. "आधी का नाही दाखवलं?" तो ओरडला आणि गाडी मागवली.

गाडी मोठ्या इस्पितळात पोचली. मामा नाही पोचले.

मग ऐन बाजाराच्या दिवशी सलूनवाल्यानं खुर्ची चौकात आणली, ओठावर फेस लावला. किल्लीवाला धावत आला.

"नको रे! पैज रद्द. मी हरलो, मी!"

"असं कसं? मामांना कळलं का? नाही ना? मग तू जिंकलास."

वस्तरा फिरला. अर्धी मिशी मांडीवर पडली. समोर बंद मशीनपाशी मामी गळ्यात टेप घालून उभ्या होत्या.

सलूनवाल्यानं आरसा उचलला आणि किल्लीवाल्यासमोर धरला. त्यात किल्लीवाल्याची मिशी अख्खी होती.