घासून कोरा केलेला ठोकळा

मी पाच रुपयांचा जुना, जाड ठोकळा बोलतोय. प्रेमराज नानांच्या अल्बममध्ये, पहिल्या पानाच्या मधल्या कप्प्यात मला मानाने बसवलंय. जळगावातले नाणी जमवणारे मला वाकून वाकून बघतात. चुलीत गेला तुमचा मान! मी खोटा आहे.

जन्माने खोटा नाही हं. टांकसाळीतून निघालो तेव्हा एका अंगाला सिंह, दुसऱ्या अंगाला पाचाचा आकडा आणि वजन भरून नऊ ग्रॅम. धुळ्याच्या एसटीत, चहाच्या टपरीवर, साक्रीच्या आठवडे बाजारात इमानाने चाललो. मग मेहरूणमध्ये जुनी नाणी विकणाऱ्या योगराजच्या तावडीत सापडलो. मेल्याने मला पकडीत आवळून ग्राइंडरवर धरलं. सिंह गेला, त्याच्याखालचं ‘सत्यमेव जयते’ही गेलं. वर पॉलिश मारून म्हणतो कसा, “टांकसाळीची चूक आहे, एक बाजू छापायचीच राहिली!”

अशी चूक खरोखर होते, आणि तसल्या नाण्याला शौकीन हजारो रुपये मोजतात. ठशांच्या मध्ये दोन कोऱ्या चकत्या एकदम शिरल्या की दोघींची एकेकच बाजू उमटते. पण त्यांचा धातू कुठे जात नाही, वजन पुरं भरतं. हे गावाला शिकवलं ते नानांनीच. निवृत्त मास्तर, कुणाचा चहाही न घेता नाणी पारखून देणारे. भिंग आणि छोटा वजनकाटा कायम पिशवीत. पण असं एक नाणं आपल्याकडे असावं म्हणून हा माणूस तीस वर्षं झुरला होता. मला बघितलं आणि काटा बाहेर काढलाच नाही! विकत घेतलं आणि प्रदर्शनात चारचौघांसमोर सांगून मोकळे झाले, “अस्सल!”

घरी त्यांच्या बायकोने, लताबाईंनी, मला काट्यावर ठेवलं.

“आहो, हाई तं सातच ग्रॅम भरस. बठ्ठास्ले सांगी टाका, चूक व्हयनी.”

नानांचा चेहरा उतरला. “सगळ्यांना सांगू? लोक काय म्हणतील?” म्हणाले आणि अल्बम मिटला. तरी मला वाटलं, आज ना उद्या करतील धीर. मास्तर माणूस.

कसला धीर! परवा चोपड्याचा अभिमन आला, नाणी जमवायला नुकताच लागलेला पोरगा. हातात माझ्यासारखाच घासलेला ठोकळा.

“नाना, योगराजभाऊंनी दोन दिवस बघायला दिलाय. मोटारसायकल विकून घेतोय. म्हटलं, आधी तुमचा शब्द घ्यावा.”

नानांनी भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिले. त्याचा खोटा म्हटला, की मीही खोटा ठरणार आणि चारचौघांत दिलेला शब्दही. लताबाईंनी काटा आणून समोर ठेवला. नानांनी तो बाजूला सारला.

“अस्सल आहे,” म्हणाले.

योगराजने मला खरवडलं, त्याची मला चीड येते. पण नाना, तुमची किळस येते! तो चोर पोटासाठी खोटं बोलला. तुम्हाला सगळं कळत होतं आणि तुम्ही एका पोराला खड्ड्यात ढकललंत, का, तर तुमचं हसू होऊ नये!

अरे अभिमन, काटा तुझ्या हाताशी आहे रे बाबा! ठेव एकदा त्यावर, एकदाच!

माझं कोण ऐकणार? तो खाली वाकला, नानांच्या पाया पडला. नानांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.